महासाथीची लस टप्प्याटप्प्याने देताना: स्थानिक आरोग्य विभागासाठी कामाचा आराखडा

टप्प्याटप्प्याने लसीकरण करायचे ठरले की सर्वाधिक चर्चा 'आधी कोणाला' या प्रश्नावर होते. प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याचे उत्तर बहुतेक वेळा देशपातळीवरील तज्ज्ञ समिती देते आणि स्थानिक आरोग्य विभागापर्यंत ते आदेशाच्या रूपात येते. विभागाच्या वाट्याला उरते ते वेगळेच काम: आलेली प्रत्येक मात्रा, ठरलेल्या क्रमाचा मान राखून, शक्य तितक्या कमी दिवसांत कोणाच्या तरी दंडात पोहोचवणे. टप्पे ही टंचाईची सोय आहे. टंचाई नसती तर टप्पे पाडण्याचे कारणच नव्हते. म्हणून जिथे क्रम काटेकोर पाळला जातो पण शीतपेटीत कुप्या पडून राहतात, तो आराखडा फसला असे समजावे. पुढची सारी मांडणी या एकाच कसोटीवर केली आहे.

गटाची व्याख्या आणि मोजणी

कोविडच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने सप्टेंबर २०२० मध्ये लसवाटपामागची मूल्ये मांडली, आणि ती मूल्ये समोर ठेवूनही देशोदेशी क्रम वेगवेगळा लागला. अमेरिकेने आरोग्य कर्मचारी आणि दीर्घकालीन शुश्रूषागृहांतील रहिवासी यांना बरोबरीने पहिले स्थान दिले. ब्रिटनने वृद्धाश्रमांतील रहिवासी व त्यांची देखभाल करणारे यांना सर्वांत वर ठेवले. भारतात १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, फेब्रुवारीत आघाडीवरचे इतर कर्मचारी आले, १ मार्चपासून साठीपुढचे नागरिक व सहव्याधी असलेले ४५ ते ५९ वयाचे, आणि १ एप्रिलपासून ४५ वर्षांपुढचे सर्व.

आदेशातील गटाचे रूपांतर नावांच्या यादीत करणे हे स्थानिक पातळीवरचे पहिले काम, आणि पहिली ठेचही इथेच लागते. 'आरोग्य कर्मचारी' म्हणजे कोण? डॉक्टर आणि परिचारिका सहज आठवतात. वॉर्डातील सफाई कामगार, रुग्णवाहिकेचा चालक, कंत्राटी सुरक्षारक्षक, प्रयोगशाळेत नमुने स्वीकारणारा लिपिक, शवागारातील कर्मचारी आणि शिकाऊ परिचारिका मात्र आस्थापनेच्या पगारपत्रकावर नसतात, त्यामुळे तिथून काढलेल्या यादीतून गळतात. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठ रुग्णालयात नेमके असेच घडले. लस कोणाला आधी द्यायची हे ठरवणाऱ्या सूत्रात वय आणि नेमणुकीचा विभाग यांना गुण होते. निवासी डॉक्टर तरुण होते आणि विभागांत फिरते असल्याने त्यांच्या नावापुढे विभागच नव्हता. परिणामी पहिल्या सुमारे ५,००० मात्रांच्या यादीत तेराशेंहून अधिक निवासी डॉक्टरांपैकी अवघ्या सातांची नावे आली. सूत्र लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. रुग्णाच्या खाटेशी कोण उभे असते, हे यादी अंतिम करण्यापूर्वी कोणी वॉर्डात जाऊन पाहिले नव्हते, इतकेच.

म्हणून यादी पदनामावरून न करता संसर्गाशी येणाऱ्या संपर्कावरून करावी, प्रत्येक संस्थेकडून एक जबाबदार व्यक्ती नेमून घ्यावी आणि यादीवर तिची सही घ्यावी. पहिली खेप संपूर्ण गटाला पुरणार नाही हे गृहीत धरून गटाच्या आतला क्रमही आधीच ठरवून ठेवावा. एकाच वॉर्डातील सर्वांना एकाच दिवशी बोलावू नये. लसीनंतर एक-दोन दिवस ताप व अंगदुखी होणे सामान्य असल्याने दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डात माणसेच उरत नाहीत.

सर्वसामान्य नागरिकांच्या टप्प्यांत निकष असा असावा की दारावर बसलेल्या कर्मचाऱ्याला तो अर्ध्या मिनिटात तपासता यावा. वयाचा निकष या कसोटीला उतरतो. सहव्याधीचा निकष वैद्यकीयदृष्ट्या कितीही योग्य असला तरी पुरावा कोणता मागायचा, हा प्रश्न उरतोच. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सक्तीचे केले तर ज्यांना नेहमीचा डॉक्टरच नाही असे लोक मागे पडतात, आणि बहुधा त्यांचाच आजार दुर्लक्षित असतो. माझे मत असे की सहव्याधीसाठी स्वतःची लेखी घोषणा पुरेशी मानावी. काही जण खोटे बोलतील. त्यांना अडवण्यासाठी लागणारा वेळ आणि खऱ्या रुग्णांची होणारी गळती यांच्या तुलनेत ती किंमत कमी आहे.

मात्रांचा हिशेब

मागणीचे सूत्र सोपे आहे: लक्ष्यगटातील व्यक्ती गुणिले प्रत्येकी मात्रा, गुणिले वाया जाण्याचा गुणक. हा गुणक म्हणजे १०० भागिले, १०० मधून वाया जाण्याची अपेक्षित टक्केवारी वजा करून येणारी संख्या. दहा टक्के मात्रा वाया जातील असे धरले तर गुणक १.११ येतो. ४,००० व्यक्तींना दोन मात्रा द्यायच्या असतील तर ८,८८० मात्रा, म्हणजे दहा मात्रांच्या ८८८ कुप्या लागतील. सुया, सिरिंज, कापूस आणि धारदार कचऱ्याचे डबे यांची मागणी याच आकड्यावरून करावी, मात्र सिरिंजचा प्रकार लसीनुसार तपासावा. फायझरच्या कोविड लसीच्या कुपीत आरंभी पाच मात्रा धरलेल्या होत्या. सुईच्या बुडाशी कमी द्रव अडकेल अशी सिरिंज वापरल्यास त्याच कुपीतून सहावी मात्रा निघते हे लक्षात आले आणि पुढे सहा मात्रा अधिकृत झाल्या. ज्या केंद्रावर साध्या सिरिंज पोहोचल्या, तिथे कागदावर सहा आणि हातात पाच अशी तूट पडणे अटळ होते.

खेपेचे लहानातले लहान खोके किती मात्रांचे आहे, हेही केंद्रे ठरवण्यापूर्वी विचारावे. फायझरच्या एका ट्रेमध्ये १९५ कुप्या असत. सहा मात्रांच्या हिशेबाने ती १,१७० मात्रांची एक न फुटणारी पुडीच झाली. लहान वस्तीच्या केंद्राला इतक्या मात्रा मुदतीत संपवणे शक्य नसते, त्यामुळे एक मध्यवर्ती साठा आणि त्यातून रोज सुटणारी लहान वाटणी अशी रचना आधीच करावी लागते.

दुसऱ्या मात्रेचा सापळा

दोन मात्रांच्या लसीत अनुभवी नियोजकही एकदा तरी चुकतो, म्हणून इथे जरा थांबणे आवश्यक आहे. समजा, दर आठवड्याला १,००० मात्रा येतात आणि दोन मात्रांत चार आठवड्यांचे अंतर आहे. आल्या तशा सर्व मात्रा पहिल्या मात्रेसाठी वापरल्या तर चार आठवड्यांत ४,००० जणांना लस मिळते आणि सगळे खूश असतात. पाचव्या आठवड्यात पहिल्या आठवड्याचे हजार जण परत येतात आणि त्या आठवड्याची सगळी आवक त्यांच्यातच संपते. सहाव्या, सातव्या, आठव्या आठवड्यातही तेच. पूर्ण एक महिना एकाही नव्या व्यक्तीला लस मिळत नाही, पुढचा टप्पा जाहीर झालेला असेल तर केंद्राच्या दारात वाद होतात, आणि विभागाने काहीही चुकीचे केलेले नसताना मोहीम ठप्प झाल्याची बातमी पसरते.

याच्या उलट, निम्म्या मात्रा बाजूला ठेवून दर आठवड्याला ५०० जणांनाच बोलावले तर ओघ अखंड राहतो, पण २,००० मात्रांचा साठा कायम पडून राहतो आणि साथ ऐन भरात असताना ते परवडत नाही. व्यवहारात मधला मार्ग बरा: पुढच्या एक ते दोन आठवड्यांच्या दुसऱ्या मात्रांइतकाच साठा राखावा, आवक किती निश्चित आहे ते पाहून तो कमी-जास्त करावा, आणि ज्या आठवड्यांत दुसऱ्या मात्रांचा भार अधिक असेल त्या आठवड्यांत नवे गट उघडू नयेत.

अंतर मध्येच बदलू शकते, याचीही तयारी हवी. ब्रिटनने ३० डिसेंबर २०२० रोजी दुसरी मात्रा बारा आठवड्यांपर्यंत पुढे नेण्याचा निर्णय जाहीर केला. भारतात कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर १३ मे २०२१ रोजी सहा-आठ आठवड्यांवरून बारा-सोळा आठवड्यांवर गेले. असा आदेश आला की त्याच संध्याकाळी आधी दिलेल्या तारखांचे काय, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून लाभार्थ्याच्या कार्डावर दुसऱ्या मात्रेची ठाम तारीख न छापता 'या तारखेनंतर' असे लिहावे, आणि कळवण्यासाठी प्रत्येकाचा चालू असलेला फोन क्रमांक, तो नसल्यास शेजाऱ्याचा, नोंदवून घ्यावा.

शीतसाखळी

बहुसंख्य लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवल्या जातात. कोविडच्या एमआरएनए लसींनी हा परिपाठ मोडला: फायझरची लस सुरुवातीला उणे ६० ते उणे ८० अंशांत, मॉडर्नाची उणे १५ ते उणे २५ अंशांत ठेवावी लागे, आणि साध्या फ्रिजमध्ये आणल्यावर मॉडर्नाची मुदत ३० दिवसांची, तर फायझरची आरंभी केवळ पाच दिवसांची होती. लस गोठणापेटीतून (फ्रीझरमधून) बाहेर निघाली की घड्याळ सुरू होते; म्हणून कुपीवर किंवा ट्रेवर 'वितळण्याची तारीख व वेळ' ठळक अक्षरांत लिहिणे आणि जी आधी संपणार ती आधी वापरणे, हे दोन नियम भिंतीवर लावून ठेवावेत.

लस गरम होण्याची भीती सगळ्यांना असते. ती नकळत गोठण्याकडे मात्र दुर्लक्ष होते. २ ते ८ अंशांत ठेवायच्या अनेक लसी गोठल्या की निकामी होतात आणि वितळल्यावर दिसायला पूर्ववत असतात. गोठणापेटीतून काढलेला आईस पॅक थेट लस वाहकात ठेवू नये. तो बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मगच वापरावा. नेहमीच्या लसींच्या कुपीवर उष्णतादर्शक चौकोन असतो: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेपर्यंत लस वापरायची. महासाथीच्या घाईत आलेल्या लसींवर तो नसण्याची शक्यता धरून चालावे. कोविडच्या अनेक लसींवर सुरुवातीला तो नव्हता, आणि त्या चौकोनाच्या सवयीने काम करणाऱ्यांना केवळ तापमानाच्या नोंदवहीवर विसंबावे लागले. दिवसातून दोनदा तापमान लिहिणारी व्यक्ती नावानिशी नेमावी, आणि सुट्टीच्या दिवशी ते कोण लिहिणार हेही ठरवावे. साठा खराब होतो तो बहुधा सलग सुट्ट्यांतच.

केंद्राची मांडणी आणि रंगीत तालीम

केंद्राची क्षमता लसटोचकांच्या संख्येवरून मोजण्याची पद्धत अपुरी आहे. ती निरीक्षण कक्षातील खुर्च्यांवरून मोजावी. एक लसटोचक ओळख पटवून, प्रश्न विचारून, टोचून आणि नोंद करून एका व्यक्तीस पाच मिनिटे घेतो असे धरले तर तासाला बारा जण होतात. चार टेबलांवर ४८. प्रत्येकाने १५ मिनिटे बसायचे, तर एका वेळी १२ जण बसलेले असतात. पूर्वी तीव्र ॲलर्जी झालेल्यांना ३० मिनिटे बसवायचे, त्यांचे प्रमाण दहा टक्के मानल्यास ही संख्या १३ च्या पुढे जाते. वृद्धांसोबत एक माणूस येतोच. म्हणजे चार टेबलांमागे २५ खुर्च्या, त्यांत हात लांब करण्याइतके अंतर, आणि प्रत्येक खुर्ची परिचारिकेच्या नजरेच्या टप्प्यात. एवढी जागा नसेल तर टेबल कमी करावे, खुर्ची नव्हे.

मोहिमेपूर्वी एक रंगीत तालीम घ्यावी आणि ती खऱ्या माणसांसह घ्यावी: वीस स्वयंसेवकांना लाभार्थी म्हणून आणावे, त्यांपैकी एकाकडे ओळखपत्र नसावे, एकाला ऐकू कमी यावे, एक चुकीच्या दिवशी आलेला असावा आणि एकाने निरीक्षण कक्षात चक्कर आल्याचे सोंग करावे. तालमीत काहीच अडले नाही तर ती नीट घेतली नाही, असे मानून दुसरी घ्यावी.

नोंदणी केवळ ऑनलाइन ठेवली तर वेळा भरतात त्या चपळ बोटांच्या आणि वेगवान इंटरनेटच्या लोकांनी. ज्या टप्प्यात वृद्धांना प्राधान्य आहे, त्याच टप्प्यात नोंदणीची पद्धत तरुणांना सोयीची ठेवणे हा उघड विसंवाद आहे. उपलब्ध वेळांपैकी काही फोनवरून नोंदणी करणाऱ्यांसाठी, काही थेट येणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी फिरते पथक असावे. संगणकीय नोंद मात्र लस टोचल्यावरच पूर्ण व्हावी. भारतात वेळ घेतलेल्या पण केंद्रावर न गेलेल्या काही लोकांना लस घेतल्याचे संदेश गेले, आणि त्यावर उपाय म्हणून मे २०२१ मध्ये कोविन प्रणालीत चार अंकी सुरक्षा संकेत आणावा लागला; तो लाभार्थ्याने केंद्रावर सांगितल्याशिवाय नोंद पुरी होत नसे.

दिवसाचा शेवटचा तास

टप्प्यांची खरी परीक्षा सत्र संपायच्या आधीच्या तासात होते. कुपी एकदा उघडली की तिची मुदत ठरलेली असते. सुरुवातीच्या अनेक कोविड लसींसाठी ती सहा तासांची होती. समजा, सत्र पाचला संपते. साडेतीनला केंद्रप्रमुख मोजतो: उघड्या कुपीत चार मात्रा आहेत आणि वेळ घेतलेले नऊ जण अजून यायचे आहेत. चौघांची सोय झाली; उरलेल्या पाचांसाठी दहा मात्रांची नवी कुपी उघडली तर पाच मात्रा उरतील. त्या क्षणी राखीव यादीतील पहिल्या पाचांना फोन गेला पाहिजे आणि नऊ जणांनाही विचारणा झाली पाहिजे. त्यांपैकी जितके नकार देतील तितकी पुढची नावे बोलवायची. हे काम पावणेपाचला सुरू झाले तर ज्यांचा क्रम होता ते पोहोचू शकत नाहीत, आणि मग लस मिळते ती जवळ उभ्या असलेल्यांना किंवा कर्मचाऱ्यांच्या ओळखीच्यांना.

राखीव यादीत चालू टप्प्यातील, अर्ध्या तासात पोहोचू शकणारे लोक आधी, मग पुढच्या टप्प्यातील. कर्मचाऱ्यांचे नातेवाईक केवळ त्यांच्या स्वतःच्या क्रमानेच. यादी छापील असावी, प्रत्येक फोनची वेळ तिच्यावर नोंदवावी, आणि सगळे उपाय थकल्यावर 'वाया घालवण्यापेक्षा कोणालाही द्यावी' अशी स्पष्ट लेखी मुभा केंद्रप्रमुखाला द्यावी. ही मुभा तोंडी ठेवण्याचा परिणाम काय होतो, ते २०२० च्या अखेरीस अमेरिकेत दिसले. एका स्थानिक आरोग्य विभागातील डॉक्टरने सत्रानंतर उघड्या कुपीत उरलेल्या दहा मात्रा मुदत संपण्यापूर्वी मिळेल त्या पात्र व्यक्तींना दिल्या. त्याची नोकरी गेली आणि त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवला गेला. न्यायालयाने आरोप फेटाळला, पण त्यानंतर शंका येताच लस कचऱ्यात टाकणे हेच कोणत्याही कर्मचाऱ्याला सुरक्षित वाटले असेल, तर नवल नाही.

दोन नियम मात्र कोणत्याही परिस्थितीत मोडू नयेत: एका कुपीतील उरलेला भाग दुसऱ्या कुपीत मिसळायचा नाही, आणि एका माणसासाठी कुपी उघडावी लागते म्हणून पात्र व्यक्तीला परत पाठवायचे नाही. परत गेलेला माणूस पुन्हा येतोच असे नाही.

प्रतिकूल घटना

निरीक्षण कक्षात ॲड्रेनालिन कुलुपात नव्हे, हाताशी असावे. तीव्र ॲलर्जीत प्रौढांसाठी १:१००० तीव्रतेच्या ॲड्रेनालिनचे ०.५ मिलीलीटर मांडीच्या मधल्या बाहेरच्या भागात, स्नायूत देतात; ते कोण देणार आणि रुग्णवाहिका कोण बोलावणार, हे सकाळीच ठरलेले असावे. नुसती भीतीने येणारी चक्कर पुष्कळ अधिक आढळते आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे पसरते, म्हणून झोपवण्याची जागा पडद्याआड ठेवावी.

अवघड भाग उपचारांचा नसून बातमीचा असतो. ऑक्टोबर १९७६ मध्ये अमेरिकेतील स्वाइन फ्लूच्या मोहिमेत पिट्सबर्ग येथे एकाच केंद्रावर लस घेतलेले तीन वृद्ध दगावले आणि अनेक राज्यांनी मोहीम थांबवली. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु त्याच मोहिमेत पुढे गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचा धोका दर लाख लाभार्थ्यांमागे सुमारे एकाने वाढल्याचे दिसले आणि डिसेंबरात मोहीम बंद झाली. एक भीती निराधार, दुसरी खरी; दोन्हींत फरक करायचा तर लसीविना किती घटना घडल्याच असत्या, हा आकडा आधी काढलेला हवा. ज्या वयोगटात वर्षाला शंभरांपैकी दहा जण दगावतात, अशा १०,००० वृद्धांना लस दिली तर पुढच्या सात दिवसांत, लसीचा काहीही संबंध नसताना, सुमारे १९ मृत्यू होतील. वृद्धांचा टप्पा उघडण्यापूर्वी हे स्थानिक पत्रकारांना समजावून सांगावे; मृत्यू झाल्यावर सांगितले तर ती सारवासारव वाटते. गंभीर घटना २४ तासांत वरिष्ठांना कळवावी आणि कुपीचा बॅच क्रमांक प्रत्येक नोंदीत असावा, कारण बॅच थांबवायची वेळ आली तर ती कोणाकोणाला दिली हे दोन तासांत सांगता आले पाहिजे.

पुढचा टप्पा केव्हा उघडावा

आधीचा गट पूर्ण होईपर्यंत थांबणे ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण कोणताही गट कधीच पूर्ण होत नाही. माझा ठोकताळा असा: सलग तीन दिवस उपलब्ध वेळांपैकी पाचवा हिस्सा रिकामा राहिला की पुढचा गट उघडावा, आणि मागच्या गटातील राहिलेल्यांसाठी दार कायम उघडे ठेवून त्यांचा शोध फिरत्या पथकाकडे सोपवावा. उलट टोकाची चूकही तितकीच खरी आहे. भारतात १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरील सर्वांना पात्र ठरवले तेव्हा अनेक राज्यांकडे त्या दिवशी सुरुवात करण्याइतका साठा नव्हता. पात्रता जाहीर करण्यापूर्वी गटाची संख्या भागिले आठवड्याची खात्रीची आवक हा साधा भागाकार करावा आणि येणारे आठवडे जाहीर निवेदनातच सांगावेत. 'दहा आठवडे लागतील' हे ऐकून लोक नाराज होतात, पण वाट पाहतात.

टंचाई संपते ती अचानक. २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत अमेरिकेत लस ऑक्टोबरात येऊ लागली, त्याच महिन्यात साथीने कळस गाठला, आणि साठा मुबलक होईपर्यंत लोकांची उत्सुकता ओसरली होती. रिकाम्या वेळा दिसू लागल्या की टप्प्यांचा आदेश त्याच आठवड्यात मागे घ्यावा, मोठी केंद्रे आटोपती घ्यावीत आणि तेच मनुष्यबळ कामाच्या ठिकाणी, शाळांत व वस्त्यांत लहान सत्रांसाठी वळवावे. तिथे कुपी दोघांसाठीही उघडावी लागेल आणि वाया जाण्याचे प्रमाण वाढेल. त्यासाठी मागणीच्या सूत्रातील गुणक नव्याने काढून वरिष्ठ कार्यालयाची लेखी मान्यता आधीच घेऊन ठेवावी.